शाल सहीनंतर

अमुक काँग्रेसमनचा आपल्या बिलाला पाठिंबा आहे, असं कोणी मावशींना सांगितलं की त्या हातातला चहा खाली ठेवून विचारायच्या, "कुठे आहे पाठिंबा? तोंडात की कागदावर?" मावशी मूळच्या नागपूरच्या. न्यू जर्सीत आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम करून रिटायर झालेल्या. कोण शुद्धीत आहे आणि कोण नुसता मान डोलावतो आहे, हे त्यांना लांबून कळतं, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

आमची ओळख एडिसनच्या मराठी मंडळातली, पण नातं जुळलं ते माझ्या सईमुळे. सई चार वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो. आमचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलं आणि ती आमच्या व्हिसावर वाढत राहिली. एकवीस वर्षं पूर्ण झाली की ती त्यातून बाहेर पडणार होती. मग दुसरा व्हिसा शोधा, नाहीतर देश सोडा. अशा मुलांना इथेच राहू देणारं एक बिल होतं, पण ते समितीत धूळ खात पडलं होतं. सईचा एकविसावा वाढदिवस पुढच्या मार्चमध्ये होता. त्या वर्षी घरात वाढदिवस हा शब्द कोणी काढत नव्हतं.

ते बाहेर काढायला लागणारं पिटिशन म्हणजे काय हे मला मावशींनीच समजावलं, कणीक मळता मळता. त्यांच्या स्वयंपाकघरातला टीव्ही कायम हाउसच्या, म्हणजे इथल्या लोकसभेच्या, कामकाजावर लावलेला असायचा. "हे बघ, स्पीकर बिल मतदानाला आणत नाही ना? मग निम्म्याहून जास्त मेंबरांनी पिटिशनवर सह्या केल्या, तर त्याला आणावंच लागतं. पण सही तिथे, सगळ्यांसमोर, टेबलापाशी जाऊन करायची. नाव जाहीर होतं. पक्षाचे पुढारी खुन्नस धरतात. म्हणून बिलावर नाव द्यायला सगळे पुढे असतात आणि सहीच्या वेळी सगळ्यांचे पाय दुखतात."

आमचा काँग्रेसमन नेमका सत्ताधारी पक्षाचा आणि नेमका दुखऱ्या पायांचा. बिलावर त्याचं नाव होतं, पिटिशनवर नव्हतं. मी फोन केला की ऑफिसातली मुलगी गोड आवाजात विचारायची, मी इथली मतदार आहे का. तिथेच माझं बोलणं संपायचं. मावशी मात्र कित्येक वर्षं मत देत आलेल्या. "तू गप्प बस नुसती माझ्या शेजारी," असं म्हणून त्या मला दर आठवड्याला त्या ऑफिसात घेऊन जायच्या. सईचा शाळेतला फोटो टेबलावर ठेवायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत उठायच्या नाहीत. उत्तर ठरलेलं असायचं: साहेब विचार करताहेत.

त्यात आमच्या मंडळाने घोळ घातला. गणपतीत काँग्रेसमन आला, आणि स्टेजवर पाय ठेवणाऱ्या माणसाला शाल-श्रीफळ न देता परत पाठवणं आम्हाला जन्मात जमलेलं नाही. अध्यक्षांनी "आपल्या मुलांचे कैवारी" म्हणून त्याचा सत्कार केला. तो फोटो त्याने सगळीकडे फिरवला. मावशी अध्यक्षांवर भडकल्या. "अहो, काम व्हायच्या आधी शाल घातली, आता तो कशाला हलेल? त्याच्या लेखी आपण खूश आहोत."

दिवाळीच्या कार्यक्रमाला तो पुन्हा येणार होता. या वेळी शाल द्यायला मावशींनी स्वतःहून नाव दिलं. अध्यक्षांना बरं वाटलं, मला नाही. मावशी साडीच्या निऱ्या नीट करत शांतपणे स्टेजच्या पायऱ्या चढल्या. हॉल खच्चून भरलेला. काँग्रेसमन मान वाकवून, हात जोडून तयार. मावशींनी शाल उलगडलीच नाही. माइक हातात घेऊन इंग्रजीत विचारलं, "सर, पिटिशनवर सही कधी करताय?"

त्याचं हसू तसंच राहिलं. आपण बिलाच्या बाजूने आहोत, मतदान होईल असा शब्द आपल्याला वरून मिळाला आहे, असं तो म्हणाला. "कोणत्या तारखेला?" मावशींनी विचारलं. तारीख नव्हती. अध्यक्ष बाजूने खुणा करत होते. माझ्या शेजारी सई बसली होती. ती हळूच म्हणाली, "आई, ही इज गोइंग टू हेट अस." मलाही तेच वाटत होतं. हा माणूस बिथरला तर होती नव्हती ती आशाही गेली. मावशींचा मला त्या क्षणी मनापासून राग आला.

मावशींनी त्याच्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि शाल स्वतःच्या दंडावर टाकली. "गुच्छ आज घ्या. शाल सहीनंतर. मी स्वतः आणून देईन." एवढं बोलून त्या खाली आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते आठवायलाही नको वाटतं. अध्यक्ष आमच्याशी बोलेनात. काँग्रेसमनच्या ऑफिसात फोन उचलेनात. आणि एका दुपारी मावशींचा फोन आला. "केली गं त्याने सही. यादीत नाव आलंय." मी माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. मावशी दुसऱ्या दिवशी ट्रेनने वॉशिंग्टनला गेल्या आणि त्याला शाल घालून आल्या.

पण बाकीचे हलले नाहीत. थोड्या सह्या कमी पडल्या, त्या शेवटपर्यंत कमीच राहिल्या. जानेवारीत निवडणुकीनंतरची नवी काँग्रेस, म्हणजे इथली संसद, बसली आणि जुन्या काँग्रेसबरोबर बिलही गेलं, पिटिशनही गेलं. पुन्हा पहिल्यापासून. सईने टोरांटोला ॲडमिशन घेतली. तिला सोडायला मावशी विमानतळावर आल्या होत्या. धीराचं एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसतं तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाल्या, "आम्ही कमी पडलो गं." सई इतका वेळ हसत होती, ती तेव्हा रडली.

आठवड्याभरात मावशींचा फोन: नवं बिल आलंय, चल ऑफिसात. मी चिडले. आता कोणासाठी, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "आहेत ना पोरं." मी गेले नाही. त्या एकट्या जात राहिल्या. पुढच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि मावशी गेल्या.

त्यांच्या दिवसकार्यानंतरच्या आठवड्यात मी त्या ऑफिसात गेले. मतदार नाही, असं सांगून बसून राहिले. शेजारी नाशिकची एक तरुण आई होती, मुलाचा फोटो घट्ट धरून. पहिल्यांदाच आली होती.

"तुमचं पण आहे का कोणी?" तिने विचारलं.

"नाही. माझी मुलगी गेली टोरांटोला."

"मग तुम्ही इथे?"

"माझ्या वेळी एक बाई यायच्या," मी म्हटलं. "त्यांची मुलं इथेच जन्मलेली. त्यांना काही गरज नव्हती."