घाणेरीची गौर

कौसल्येला घाणेरीचा राग होता आणि तो तिनं जिवापाड पोसला होता. शीवच्या टेकडीचा मागचा उतार त्या काटेरी, परदेशी झुडपानं गिळलेला. खाली गवताची काडी उगवू देत नव्हती मेली. पहिल्या साली कौसल्येनं कोयत्यानं वरवर छाटली, तर ती दुप्पट जोमानं फुटून आली. मग मात्र बाई तिच्या मुळावरच उठली. इस्पितळातली आयाची नोकरी संपल्यापासून रोज सकाळी पहार घेऊन चढायची, बुडखा खणायची, मुळ्या आभाळाकडे करून फेकायची. लोक म्हणाले, म्हातारी चळली. म्हणू देत. मोकळ्या जागेत तेरडा आपसूक उगवला, वर्षागणिक पसरला आणि यंदा अख्खा उतार गुलाबी झाला.

तेवढं एक कौतुक तिनं डिलाईल रोडला धाकट्या जावेपाशी, अंबिकेपाशी केलं. तेच नडलं.

गौरी आणायच्या दिवशी कौसल्या टेकडीवर गेली, तर उतार भकास. मातीत नुसती भोकं. अंबिका चाळीतल्या बायकांबरोबर तेरड्याचे भारे बांधत होती.

"अगो, काय केलंस हे?"

"वयनी, गौर मुळासकटच व्हयी ना? बाजारातलो तेरडो सगळो कापलेलो."

"म्हणून अख्ख्या चाळीच्या गौरी इथनंच? अजून बोंडं धरायची होती! बी पडलं नाही तर पुढल्या साली काय उगवणार, तुझं डोकं?"

"देवाच्या कामाक कित्याक बोंबलतंस? उगवतलो परत."

"तेरडा नाही, घाणेरी उगवणार. टपूनच बसलीय ती."

"काकी, एवढा जीव आहे तर सातबारा करून घ्या नावावर," एकजण म्हणाली. बायका खिदळल्या.

कडेचं घाणेरीचं एक कोवळं झुडूप कौसल्येनं मुळासकट उपटलं. हात रक्ताळले. तशीच घरी आली.

पूजेच्या संध्याकाळी अंबिका हळदीकुंकवाला आली आणि उंबऱ्यातच थबकली. पाटावर गौरीचा मुखवटा, नथ, हिरवं लुगडं. पण लुगड्याच्या आत तेरडा नव्हता, घाणेरी होती. काट्यांनी जरीचा काठ ओढला गेलेला, घरभर तो उग्र वास.

"वयनी! गौरीची अशी चेष्टा?"

"मुळासकट आणलीय. चालते ना?" कौसल्या म्हणाली. "पुढल्या साली टेकडीवर हीच भेटणार तुला. आत्ताच ओळख करून घे. भर ओटी."

अंबिकेनं खण-नारळ पुढं केला. काट्यात तिची बांगडी अडकली. सोडवायला कौसल्या जागची हलली नाही.