पेराशी सहा काटे

माझे वडील, अण्णा, देगलूरच्या एका काष्ठौषधीच्या दुकानाला झाडपाला पुरवायचे. लहानपणी मला तिथल्या तळ्यावर न्यायचे आणि काठच्या चिखलात उभं करून कोळसुंदा ओळखायला लावायचे. त्याच्या बिया म्हणजे तालिमखाना. दुकानदार तो हमखास मागायचा. जांभळी फुलं असली की कुणीही ओळखतं, म्हणून मुद्दाम उन्हाळ्यात न्यायचे, झाडाच्या काटक्या झालेल्या असताना. डोळे मिटायचे आणि पेराशी काटे मोजायचे. सहा भरले तर कोळसुंदा. बोटातून रक्त आलं तरी म्हणायचे, "पुन्यांदा मोज." न मोजता हो म्हणणारा माणूस त्यांच्या डोक्यात जायचा.

त्याच शिदोरीवर मी लातूरला वनस्पतिशास्त्र शिकवते. अण्णांच्या शेवटच्या वर्षी ते आणि आई माझ्याकडेच होते. अण्णांची नजर गेलेली, जेवण तुटलेलं. एप्रिलमध्ये एकदा म्हणाले, "बाई, आपल्या तळ्यावरचा कोळसुंदा आणती का? एकदा हातात घ्यावा वाटून राहिलं."

मी हो म्हटलं आणि गेले नाही. पेपर तपासायचे होते, पाहुणे होते. सबबींना काय तोटा. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी लातूरबाहेरच्याच नाल्यावर, वरच्या कोरड्या अंगाला, एक वाळकी काटेरी काडी दिसली. घाईने मोडून घेतली. देगलूरला जाऊन यायला लागतो तेवढा वेळ निघावा म्हणून कॉलेजच्या पंख्याखाली बसून राहिले आणि संध्याकाळी घरी गेले.

अण्णांनी काडी बराच वेळ चाचपली. बोटं एका पेराशी थांबली, परत फिरली. मग म्हणाले, "हाव, हेच हाय. लई लांब गेलतीस. पाणी पी."

पाच दिवसांनी अण्णा गेले. त्यांच्या उशाशी ठेवलेली काडी उचलताना काटा बोचला आणि सवयीने मी मोजायला लागले. चारच होते. ती काटेकोरांटी होती. मला माझी किळस आली.

आई त्यांच्या चादरीची घडी घालत होती. तिला विचारलं, अण्णांना कळलं होतं का?

"हातात घेताच कळलं," ती म्हणाली. "मला म्हनले, पोरीला सांगू नको. उन्हातान्हाची परत देगलूरला जाईल."