सुभानभाईंची पट्टी

सुभानभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. वर पाय, खाली डोकं आणि हातात चौदा फुटी पट्टी. त्या काळच्या लेव्हलच्या दुर्बिणीतून सगळं जगच उलटं दिसायचं. नागपूरला ओव्हरसिअरची परीक्षा देऊन मी वऱ्हाडात नुकताच रुजू झालो होतो आणि बुलढाण्याजवळच्या एका रस्त्यावर माझं पहिलं काम चाललं होतं. पट्टीवरचे आकडे वाचता वाचता मला घाम फुटला होता. एकच आकडा मी चार वेळा लिहिला आणि चार वेळा खोडला. समोरचा पन्नाशीचा माणूस तेवढा वेळ पट्टी धरून उन्हात उभा होता. त्याने एकदाही पाय बदलला नाही.

शेवटी तेच पट्टी खांद्यावर टाकून माझ्याजवळ आले. "नवे हाय काय साहेब? घाई नका करू. जमीन काही पळून नाही जाऊन राह्यली."

शेख सुभान, राहणार धाड, बांधकाम खात्यात खलाशी, म्हणजे मोजणीत पट्टी धरणारा. छावणीतले सगळे त्यांना नुसतं 'सुभान' म्हणत. मी दुसऱ्या दिवसापासून सुभानभाई म्हणू लागलो, कारण परीक्षेत न शिकलेलं सगळं त्यांनीच मला शिकवलं.

ती पट्टी म्हणजे एकात एक सरकणारे तीन लाकडी तुकडे. उंच करायची तर आतला तुकडा वर ओढायचा. खटका बसला की तो पक्का. दुर्बीण सपाटीला लावायची, समोर पट्टी उभी करायची आणि दुर्बिणीतली आडवी तार पट्टीवरच्या ज्या आकड्यावर येईल तो वहीत लिहायचा. आकडा जेवढा मोठा तेवढी तिथली जमीन खाली. शास्त्र एवढंच, पण पट्टी केसभर कलली की आकडा खोटा. म्हणून सुभानभाई ती सावकाश पुढे-मागे झुलवत, झोपाळ्यातलं मूल झुलवावं तशी. त्या झुलण्यात जो सगळ्यांत लहान आकडा दिसेल तो खरा. "जमीन डोयाले फसवते साहेब," ते म्हणत, "पट्टीले नाही फसवत."

त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. आकडे मात्र ओळखत. काम संपलं की पट्टी पुसून, गोडेतेलाचा हात फिरवून, बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवत. पाऊस आला तर अंगावरची घोंगडी आधी पट्टीवर जाई. एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी सहज आपली हॅट मिटवून उभ्या ठेवलेल्या पट्टीवर अडकवली. आम्ही सगळे खाली पाहू लागलो. सुभानभाईंनी हॅट काढली, झटकली आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरली. "हुजूर, हे खुंटी नाही." साहेब लाल झाले, मग हसले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. सुभानभाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. हसण्यासारखं काय घडलं, हे त्यांना कळलंच नसावं.

पुढच्या वर्षी आमची छावणी संग्रामपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी पडली. तिथल्या एका नाल्यावर तलाव मंजूर झाला होता. भरल्यावर पाणी कुठवर येईल ती रेघ डोंगराच्या उतारावर आखायची आणि चुना लावलेले दगड रोवत जायचं, असं काम. ते मी हौसेने मागून घेतलं होतं. सुभानभाई तिथे आल्यापासून गप्प होते. मला वाटलं, वय झालं, चढण सोसत नसेल.

चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही एका सागाच्या झाडापाशी आलो. झाडाखाली मातीचा लहानसा उंचवटा होता, कडेने गोटे लावलेले, वर ताज्या मातीचा लेप. सुभानभाईंनी चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी पट्टी उभी केली. दुर्बिणीतून पाहिलं, तर पट्टी हलत होती. झुलवण्याचं ते हलणं नव्हतं. मला आकडा धरताच येईना.

मी शेजारी उभ्या असलेल्या छावणीच्या गाडीवानाला विचारलं, "यांना बरं नाही का?"

तो हळूच म्हणाला, "तुमाले मालूम नाही काय साहेब? थे त्याच्या पोरीची कबर हाय."

मग त्याच्याकडून सगळं कळलं. अकरा वर्षांपूर्वी याच तलावाची पहिली पाहणी झाली, तेव्हा सुभानभाईंचं कुटुंब छावणीत सोबत होतं. जैतून सहा वर्षांची. तापाने तीन दिवसांत गेली. धाड लांब, दिवस उन्हाळ्याचे, म्हणून तिला इथेच ठेवलं. नंतर तलावाचे कागद कुठेतरी पडून राहिले. तिची आई हमीदाबी पुन्हा कधी छावणीत आली नाही. सुभानभाई मात्र दर साल रजा काढून यायचे आणि कबरीला मातीचा हात देऊन जायचे.

मी पुन्हा डोळा लावला. आता पट्टी स्थिर होती. पाण्याच्या रेघेसाठी त्या दिवशी नऊ फूट चार हा आकडा हवा होता. कबरीपाशी साडेअकरा आला. म्हणजे कबर रेघेच्या दोन फूट खाली, पाण्यात.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मला वाटलं, दोन फुटांनी काय बिघडतं? मी हाताने त्यांना खाली, आणखी खाली जायची खूण केली, आणि ते कबरीच्या बरेच खाली उतरल्यावर 'बस' म्हटलं. तिथे दगड रोवला गेला. रेघ कबरीच्या खालून गेली, कबर कोरड्यात राहिली. वहीत मी नऊ फूट चार लिहिलं आणि आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखी मान वर केली.

सुभानभाई पट्टी घेऊन सावकाश वर आले. आधीच्या दगडापाशी उकिडवे बसले आणि नव्या दगडाकडे पाहत राहिले. मग मला हाक मारली.

"साहेब, जरा इथं या. ह्या दगडावरून त्या दगडाकडं पाहा. पाणी असं उतारानं उभं राह्यते काय?"

मी पाहिलं.

"काऊन केलं साहेब असं?"

"सुभानभाई, मला कळलं सगळं. राहू द्या. कोण मोजायला येतंय?"

त्यांनी नाल्याच्या पलीकडे बोट केलं. तिथे कुडाची चार घरं होती. अंगणात बाजेवर कुणीतरी ज्वारी वाळत घातली होती. "आता पुढची रेघ ह्याच दगडावरून जाईन ना? मंग थे घरं कोरड्यात येतीन. कागदावर. त्याहीले कोनी उठा नाही म्हननार. अन् एक दिवस तलाव भरन." त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी जवळ धरली. "तिथं लेकरं निजतात साहेब. माही तं निजलीच हाय."

मी त्यांना म्हणालो, निदान तिला तिथून हलवू, वर नेऊ, मी माणसं देतो. त्यांनी मान हलवली. "एकदा मातीत देल्लं, पुन्हा काहाले उकरू? तिच्या आईले आधीच धीर नाही."

वहीतला आकडा मी खोडला. चुकीचा दगड त्यांनी स्वतः उपटला. पुन्हा पट्टी धरून वर चढले, आणि कबरीच्या वर, सागाच्याही पलीकडे, बरोब्बर नऊ फूट चारवर उभे राहिले. या वेळी पट्टी इतकी सरळ होती की तार आकड्यावरून हललीच नाही. दगड रोवून झाल्यावर ते कबरीपाशी गेले, गोटे नीट लावले आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मी पाठ फिरवून दुर्बिणीचे स्क्रू उगाच ढिले करत, उगाच आवळत बसलो.

त्या चार घरांना पुढे वरची जागा मिळाली. तलाव बांधून झाला, आणि पुढच्याच पावसाळ्यात भरला. ती बातमी मीच त्यांना दिली. ते पट्टी पुसत होते, पुसतच राहिले. "सांडव्यावरून गेलं काय पाणी?" मी हो म्हटलं, पाणी आपल्या दगडांना टेकून जादाचं सांडव्यातून वाहून गेलं होतं. "मंग रेघ बराबर हाय," ते म्हणाले. पाहायला मात्र गेले नाहीत. त्या वर्षीची रजाही घेतली नाही.

दोन वर्षांनी अमडापूरकडे रस्त्याचं काम चालू असताना त्यांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर आणला, काही उपयोग झाला नाही. शेवटच्या सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, मुलखाकडे न्या म्हणतील. ते म्हणाले, "हमीदाले पान्याचं सांगाचं राह्यलं. दर खेपेले पुढच्या साली नेतो म्हनलं, नाही नेलं. तुमी सांगा साहेब." दुपारी ते गेले. बैलगाडीने आम्ही त्यांना धाडला नेलं.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी हमीदाबींकडे गेलो. वाटेत सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. पण मी समोर बसताच त्याच आधी म्हणाल्या, "भाऊ, आता थे नाहीत. मले माह्या जैतूनकडं कोन नेईन?"

"मी नेतो, चाची," मी म्हणालो. आणि मग पाण्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. "नेजो तरी," एवढंच म्हणाल्या.

आश्विनात आम्ही गेलो. तलाव काठोकाठ होता. साग पाण्यात वाळून उभा होता, पानाविना. मी लांबून बोट दाखवलं. त्यांनी विचारलं, "किती खोल हाय?"

त्या जागेची उंची मला इंचापर्यंत पाठ होती. मी म्हणालो, "गुडघ्याच्या जरा वर."

त्यांनी चपला काठावर सोडल्या, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरल्या. मी मागोमाग गेलो, त्यांचा हात धरून सागाजवळ नेलं, आणि काठावर परत आलो. त्या वाकल्या. दंडापर्यंत हात पाण्यात घालून कितीतरी वेळ तळाची माती चाचपत राहिल्या. एखाद-दुसरा गोटा हाताला लागला असावा, कारण तिथे त्यांचा हात थांबला.

"जैतून," त्या म्हणाल्या, "मी आली वं माय." मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, त्याहीनं मले काऊन नाही सांगतलं? एवढूसं तं पानी हाय. मी आली असती."

ऊन कलेपर्यंत त्या तशाच वाकून उभ्या होत्या. मी काठावर बसून राहिलो. चला म्हणून हाक मारायचा धीर मला झाला नाही.