दहा कप्प्यांचा कंप्युटर

मापात न मावणारी वस्तू जगात नाही, फक्त तिची नीट समजूत घालावी लागते, असं मानणारा माणूस अख्ख्या रायपुरात एकच, आणि तो माझा मोठा साडू. शंकर नगरातल्या त्यांच्या खोलीला दिवाण चार इंच मोठा झाला, तर त्यांनी दिवाण कापला नाही. तिरपा टाकला आणि मागच्या त्रिकोणात तांदळाची कोठी बसवली. आम्ही पाहुणे तिरपे झोपतो.

शहर राजधानी झालं, ऑफिसांतून नवी यंत्रं आली, तेव्हा भंगारात निघालेला एक जुना कंप्युटर त्यांनी घरी आणला. त्यात मोकळी जागा तीस एमबी. पुढे ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, गळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आवाज परत येईलच असं डॉक्टर सांगेनात. साडूंनी हिशेब केला: आवाज साठवायला मिनिटाला दहा एमबी, म्हणजे तीन मिनिटांत सारा संसार संपणार. टेपवर त्यांचा विश्वास नाही, ती गुंतते. मी म्हटलं, हलक्या दर्जाचा घ्या, दहापट मावेल. तर म्हणाले, "भाऊ, तिले मी जन्मात दाबू शकलो नाही, आता तिचा आवाज काहून दाबू?"

त्यांनी वीस जीबीची डिस्क आणली. कंप्युटरने त्यातले पाचशे चार एमबीच ओळखले, जेमतेम चाळिसावा हिस्सा. ऑपरेशनला उरले चार दिवस. मग साडूंनी एक छोटा प्रोग्राम टाकला, जो सगळ्यांच्या आधी उठून कंप्युटरला डिस्कचं खरं माप सांगतो. तरी दोन जीबीहून मोठा कप्पा त्या यंत्राला समजेना. म्हणून कप्पे केले दहा, सी ते एल. तिसऱ्या दिवशी दुपारी जमलं.

ताई माईकसमोर बसल्या. साडू म्हणाले, "रोज बोलतेस तेच बोल."

"काय बोलू जी? चहा थंडा होऊन राहिला, तो घ्या आधी."

आणि मग जे सुरू झालं, त्यात तिरपा दिवाण आला, डिस्क आली, लग्नात साडूंनी उलटा बांधलेला फेटाही आला. तीन तासांत डी कप्पा काठोकाठ भरला.

ऑपरेशन नीट झालं. आवाज आला, थोडा घोगरा. ताई म्हणतात, आता ते पुसा. साडू पुसत नाहीत.

परवा गेलो तेव्हा कंप्युटरमधून जुन्या, स्वच्छ आवाजात चहा थंडा होत होता आणि स्वयंपाकघरातून घोगऱ्या आवाजातही. "हव," साडूंनी कंप्युटरला होकार दिला. मग दाराकडे वळून पुन्हा "हव" म्हणाले, आणि उठले.