टोचन न लावता

आज प्लग पुसताना बोटांना पेट्रोलचा वास लागला आणि औशाचा रस्ता आठवला. जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जाताना माझी जीप वाटेतच बंद पडली होती. टोचन करून आणलेली गाडी रांगेत लावायची नाही, असा आमच्यातला नियम. मागून आपली जुनी गाडी घेऊन मेळाव्यालाच निघालेल्या कंधारच्या काकांनी जीप ओढायला दोर काढला. "लावू टोचन, ताई. कोन बघून राहिलंय?"

"मी बघून राहिले ना," म्हणत मी बॉनेट उघडलं.

जीप स्वतःच्या इंजिनावर पोचली तेव्हा जेवणं उरकून सगळे पांगले होते. तरी मी ती रिकाम्या मैदानात, रांगेच्या जागीच लावली. तेव्हा मला माझी जिद्द तेवढी दिसली. आज काका दिसतात. जीप सुरू होईपर्यंत माझ्यासोबत थांबलेले तेही उपाशीच होते. माझ्या शेजारी आपली गाडी लावत म्हणाले, "एका गाडीची रांग होत न्हाई, ताई."