चिंचेच्या शेडबाहेरच्या चपला

"मॅडम, आपल्याकडं एक पण पोरगं कामाला नाय. फिरून बघा!"

रशीदभाई छाती फुगवून म्हणाले. खुलताबादला त्यांची चिंच फोडायची शेड. ती चिंच आमची कंपनी परदेशी पाठवायची. गिऱ्हाइकाची अट कडक होती, मालाला बालमजुराचा हात लागता कामा नये. ते तपासणं, म्हणजे ऑडिट, माझं काम.

शेड लखलखीत. बायका टोप्या घालून चिंचोके काढत होत्या. आत अनवाणी जायचं, चपला दारातल्या रॅकवर, हा रशीदभाईंचा लाडका नियम. मीही माझ्या काढल्या. शेजारी एक गुलाबी जोड होता, जेमतेम वीतभर.

"रशीदभाई, याची मालकीण कुठंय?"

त्यांचा चेहरा उतरला. "सुमन, बाहेर ये बेटा."

पोत्यांमागून दहाएक वर्षांची पोरगी आली. आंबट रसानं बोटांची सालटी निघालेली. मला भयंकर राग आला. मागोमाग तिची आई कमल धावत आली.

"घरी कुणापाशी ठिवू मॅडम? माझ्यासंगं फोडती जरा. माझं काम नका घालवू."

साहेबांना फोन केला. "ऑर्डर कॅन्सल. सप्लायर बदला," ते म्हणाले.

"मग ही उद्या दुसऱ्या शेडमध्ये बसेल, साहेब. आपण फक्त हात झटकणार. मला थोडी मुदत द्या."

"जबाबदारी तुमची."

"माझीच!"

चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, हे रशीदभाईंना ठणकावलं. ऑर्डर हवी तर सुमन शाळेत, कमलचं काम कायम, आणि शाळा सुटल्यावर पोरांना बसायला वेगळी खोली. याला आम्ही रेमेडिएशन म्हणतो. पोराला नुसतं हाकलायचं नाही, त्याची सोय लावायची.

"खोली कशाला, माझं ऑफिस घ्या," रशीदभाई म्हणाले. "मी झाडाखाली बसतो."

पुढच्या खेपेला न कळवता गेले. रशीदभाई खरंच झाडाखाली बसले होते. कमल आत कामावर होती. रॅकवर सगळ्या मोठ्या चपला. पण दुधानं तोंड पोळलं होतं. या वेळी चपलासुद्धा लपवल्या असतील तर? तशीच गावच्या शाळेत गेले.

वर्गाबाहेर चपलांची रांग होती. मधोमध तो गुलाबी जोड, चिखलानं माखलेला. मला इतका आनंद झाला की शिपाई बघतच राहिला.

ऑर्डर टिकली. नव्या ऑडिटरना मी आता एवढंच सांगते, मालकाचा चहा नंतर घ्या, आधी चपला बघा.