ती चूक दिगंबररावांची नव्हती

केतकीचा फोन आला तेव्हा मी लायसन्स रिन्यू करायला गेले होते. हातात टोकन होतं आणि माझ्यापुढे अजून अकरा जण होते. "काकू, बाबा गेला," ती म्हणाली. केतकी ही दिगंबररावांची मुलगी, जन्म इथलाच, न्यू जर्सीचा. तिच्या मराठीत आदरार्थी बहुवचन कधी शिरलंच नाही, आणि एरवी आम्ही सगळे त्यावरून तिला चिडवायचो. त्या दिवशी मात्र ते एकवचन मला फार जवळचं वाटलं. दिगंबररावांनी सकाळी चहा केला, कप घेऊन खिडकीपाशी बसले आणि तिथून उठलेच नाहीत... मी टोकन काउंटरवर परत ठेवलं आणि घरी आले. लायसन्स अजून जुनंच आहे.

दिगंबरराव मूळचे मिरजेचे, पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनियर. एडिसनमध्ये आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी 'शनिवारची मंडळी' सुरू केली. आमच्यापासून अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर एक जुनी इस्टेट आहे. कुणा श्रीमंत माणसाने फार पूर्वी तिथे टेकडीवर प्रचंड दगडी घर बांधलं, ओढे अडवून तळी केली, त्यांवर पूल टाकले. पुढे त्याच्या वारसांनी ते सगळं काउंटीला देऊन टाकलं. घर बंद असतं, पण भोवतीच्या वाटा सगळ्यांना खुल्या आहेत. दर शनिवारी सकाळी नऊला आम्ही बारा-चौदा जण तिथे जमायचो आणि दिगंबरराव पुढे चालायचे. कुणाला दम लागलाय असं दिसलं तर तसं बोलून दाखवायचे नाहीत. स्वतःच्याच बुटाची नाडी सोडायचे आणि ती सावकाश बांधत बसायचे, तोवर मागची माणसं येऊन पोचायची.

माझे यजमान विनायक गेले त्यानंतर मी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. दिगंबररावांनी मला कधी 'येताय का' असं विचारलं नाही. शनिवारी सव्वाआठला त्यांचा फोन यायचा, "सुमनताई, निघालोय मी." आणि दोन मिनिटांत गाडी दारात. पहिले दोन शनिवार मी दारच उघडलं नाही. ते पाच मिनिटं थांबून निघून गेले. तिसऱ्या शनिवारी मी बूट घातले. रस्ताभर ते टोमॅटोच्या रोपांना हरणं कशी खातात याबद्दल बोलत होते, विनायकचं नावही त्यांनी काढलं नाही. त्याबद्दल मी त्यांची किती ऋणी होते, ते त्यांना कधी सांगितलं नाही...

चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधली गोष्ट आहे. आमच्यातल्या मृणालची आई नागपूरहून आली होती. सत्तरी ओलांडलेल्या, थोडं कमी ऐकू येणाऱ्या, हसऱ्या बाई. मृणालला ऑफिसची मीटिंग होती, म्हणून आईला सोडून ती गेली. साडेअकराला पार्किंगमध्ये घ्यायला येणार होती. दिगंबररावांनी मला सगळ्यांच्या मागे राहायला सांगितलं. वरच्या तळ्यापाशी मृणालच्या आई बाकावर टेकल्या. मला म्हणाल्या, "मी जरा बसते, येताना मला घ्या." मी हो म्हटलं. तेव्हा मी एका मैत्रिणीशी तिच्या किचनच्या नव्या टाइल्सबद्दल बोलत होते. परतीच्या वाटेवर चिखल होता, म्हणून आम्ही घराच्या मागच्या बाजूने खाली उतरलो. पार्किंगमध्ये दिगंबररावांनी मला विचारलं, मागे कुणी राहिलं नाही ना? मी म्हटलं, नाही, सगळे आले. ज्याला त्याला वाटलं, मृणाल येऊन त्यांना घेऊन गेली असेल.

आम्ही दोघं हायवेला लागलो होतो तेव्हा मृणालचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर तिचा आवाज, "काका, आई कुठंय? इथे कुणीच नाहीये." दिगंबररावांनी माझ्याकडे पाहिलं. मला तो बाक आठवला. पुढच्याच एक्झिटला आम्ही वळलो. पण तोवर त्या वाट बघून उठल्या होत्या आणि वाट चुकून भलत्याच बाजूच्या रानात शिरल्या होत्या. दीड तासाने सापडल्या. कुत्रा फिरवणारी एक अमेरिकन बाई स्वतःचं जाकीट त्यांच्या अंगावर घालून त्यांच्याजवळ बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पडल्यामुळे त्यांचं मनगट मोडलं होतं.

"तुमच्या भरवशावर सोडलं होतं मी आईला," मृणाल म्हणाली.

"हो," दिगंबरराव म्हणाले. "मोजायचं काम माझं होतं. मी मोजलं नाही."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "सुमनताई, तुम्ही गाडीत बसा." आणि मी जाऊन बसले. त्यांनी मला गप्प केलं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. ते खरं नाही. मला गप्प राहायचंच होतं.

मृणालने ग्रुप सोडला. दिगंबरराव आताशा विसरायला लागलेत, असं हळूहळू सगळीकडे पसरलं. काहींनी त्यांना गोड शब्दांत सुचवलं, की आता पुढे दुसऱ्या कुणाला चालू द्या. त्यांनी ते लगेच मान्य केलं आणि तेव्हापासून ते सगळ्यात मागे चालायला लागले. दोनेक वर्षांनी एकदा गाडीत मी म्हटलं, की मी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकते. सिग्नल लाल होता. ते म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंत, तर तुम्ही पुन्हा कधी आला नसतात. आता कशाला? मागच्यांच्या गप्पा जास्त चांगल्या असतात." सिग्नल सुटला आणि विषयही.

त्यांच्या जाण्यानंतरच्या आठवड्यात मी केतकीजवळ बसले होते. ती म्हणाली, "त्या ऑक्टोबरनंतर मला कळलं, he was slipping. मी मुलांना त्याच्याबरोबर एकटं पाठवणं बंद केलं." नातवंडं दर उन्हाळ्यात महिनाभर यायची, ती का येत नाहीत असं मी दिगंबररावांना विचारलं होतं. समर कॅम्प असतात, ते म्हणाले होते... त्या दिवशीही मला केतकीला काही सांगता आलं नाही.

पाच आठवड्यांनी केतकी घर आवरायला पुन्हा आली. बाबा दर शनिवारी कुठल्या वाटेने चालायचा ते बघायचंय, म्हणाली. मी तिला घेऊन गेले. वरच्या तळ्यापाशी, त्याच बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं. टाइल्सच्या गप्पांसकट.

"So he was fine," ती म्हणाली.

"शेवटपर्यंत. सगळं लख्ख आठवत होतं त्यांना."

"चार summers, काकू." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मग ती उठली आणि पुढे चालायला लागली. मी मागून गेले. गाडीपाशी मात्र तिने माझ्यासाठी दार उघडून धरलं.

त्या रात्री मी मंडळींच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, मृणालला वेगळं कळवलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, की काका दर दिवाळीला आईला नागपूरला फोन करायचे. ग्रुपवर एकाने विचारलं, चार वर्षं लागली?

दुसऱ्या दिवशी केतकीने मला घरी बोलावलं. फ्रिजच्या दारावर, मॅग्नेटखाली, ग्राफ पेपरवर पेन्सिलीने काढलेलं एक घड्याळ होतं. तिने सांगितलं, की त्या ऑक्टोबरनंतर तिनेच बाबाला मेमरी टेस्टला पाठवलं होतं, आणि तिथे डॉक्टर घड्याळ काढायला सांगतात. बाबाने तिथे ते बरोबर काढलं, आणि घरी येऊन पुन्हा एकदा काढून इथे लावलं. "मला वाटलं माझ्यावर रागावलाय, म्हणून लावलंय. रागावला होता का?"

मी चष्मा लावून बघितलं. काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. मिनिटांच्या साठही रेघा एकसारख्या. खाली कोपऱ्यात इंजिनियरच्या ड्रॉइंगवर असतात तशा बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नॉट टू स्केल', म्हणजे मापं प्रमाणात नाहीत.

"नाही गं," मी म्हटलं. "मजा वाटली होती त्यांना."

केतकी हसली, आणि मग रडली. तो कागद तिने काढला नाही. घर अजून विकलेलं नाही. किल्ली तिने माझ्याकडे ठेवलीय. शनिवारी चालून आलं की मी तिथे जाते, कुंड्यांना पाणी घालते, खिडकी उघडते, आणि थोडा वेळ त्या घड्याळासमोर बसून घरी येते.